अन्नदाता उपाशी

सासूबाईंची संकष्टी आणि माझा सेमिनारचा पेपर, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा तरी संबंध असेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण कॅनडातल्या एका जानेवारीत, रेजिनाहून सस्काटूनला घरी परत येताना, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, एकाच टेबलाशी येऊन बसल्या. तेव्हापासून मी फार शहाणी झाले असं नाही. फक्त कुणाकडे जेवायला बसले की आधी वाढणाऱ्याच्या ताटाकडे बघते.

तर आधी पेपरचं सांगते. नवरा शहराबाहेरच्या, खतासाठी लागणाऱ्या पोटॅशच्या खाणीत इंजिनियर, आठवड्यातले निम्मे दिवस जमिनीच्या पोटात. मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायची. इथे येऊन दोन हिवाळे नुसता दारासमोरचा बर्फ उपसला, मग म्हटलं, बस झालं, आता डोक्यातलाही थोडा बर्फ काढू या, आणि विद्यापीठात एम. ए.ला नाव घातलं. तिथल्या एका सेमिनारमध्ये प्रत्येकाला एकेक विषय मिळाला. माझ्या वाट्याला आल्या प्युरिटन लोकांच्या बंदिवासकथा, आणि त्यातही भूक. प्राध्यापकबाई अगदी मायेने म्हणाल्या, "तू भारतातून आलीस, भूक आणि धर्म यांचं नातं तुला जवळून माहीत असणार." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, मी नागपूरची. तर्री-पोह्यांची पहिली प्लेट संपली की जी लागते तिला आम्ही भूक म्हणतो. आणि धर्माची भूक म्हणाल, तर आमच्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी, दाण्याचे लाडू आणि वर ताक. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काय उगाच पडली?

पण वाचायला बसले आणि अडकले. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही माणसं, इंग्लंडहून देवाचं नाव घेत अमेरिकेच्या किनाऱ्यावर येऊन वसलेली. स्वभावाने कडक, हसणंसुद्धा पाप वाटावं अशी. तिथल्या मूळ लोकांची जमीन हळूहळू यांच्या घशात गेली, मग लढाया पेटल्या आणि लढायांत यांच्यातली काही माणसं पकडून नेली गेली. त्यात बायका पुष्कळ. बर्फातून, जंगलातून, कडेवर आजारी मूल घेऊन पायपीट. सुटून आल्यावर काहींनी ते सगळं लिहून काढलं, आणि त्या लिखाणात पानोपानी काय असेल, तर खाणं. काय मिळालं, काय नाही मिळालं, कुणी घासभर दिलं, कुणी हाकललं. घरी ज्या बाईने पाव जरा करपला तर बाजूला सारला असता, ती जनावराचं हाड चोखत बसलेली आणि तिला ते गोड लागतंय. भुकेला कोंडा, निजेला धोंडा, असं आपण सहज म्हणून जातो. या बायका तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, ही भूक देवाने मुद्दाम दिली. आम्ही सुखात माजलो होतो, त्याला विसरलो होतो, म्हणून त्याने आमच्या पोटाला चिमटा काढला. आणि घास मिळाला तर तोही त्यानेच दिला. उपाशी ठेवणारा तो आणि भरवणारा तो. सगळा कारभार वरच्या मजल्यावरून.

मला हे पटत होतं आणि राग पण येत होता. कशाचा राग ते कळेना. ते कळलं माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीमुळे. ती क्री होती, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, उत्तरेकडच्या त्यांच्या एका राखीव वस्तीतून शिकायला आलेली. फार बोलायची नाही, पण बोलली की वर्ग पेन खाली ठेवायचा. ती म्हणाली, "तेव्हा पकडून नेणारेही उपाशीच होते. त्यांचे मक्याचे साठे लढाईत जाळून टाकले होते. तरी त्यांनी आपल्या भांड्यातलं या पकडलेल्या बाईला दिलं. ही जेवली आणि आभार मानले वरच्याचे. ज्यांनी वाढलं ते जेवले की नाही, हे तिने कुठे लिहिलंय का बघ."

बघितलं. कुठेकुठे ओझरतं होतं, पण शोधावं लागत होतं. मग माझ्या अंगात आलं. मी वर्गात ठणकावून सांगितलं की आमच्याकडे असं नसतं, आमच्याकडे पान वाढणाऱ्यासाठी शब्द आहेत, जेवण झालं की आम्ही म्हणतो, अन्नदाता सुखी भव. सगळे खूश झाले. प्राध्यापकबाईंनी ते लिहून घेतलं. त्या क्री मुलीने फक्त विचारलं, "घरी रोज म्हणता?" मी म्हटलं, "म्हणजे... माझे आजोबा म्हणायचे." ती हसली, मीही हसले, विषय तिथेच राहिला.

आता सासूबाई. त्या हिवाळ्यात त्या सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. मी त्यांना आई म्हणते. अंगाने बारीक, बोलण्यात तिखट, आणि डायबिटीस. खाण्यापिण्यात एरवी कटकट नाही, फक्त मांसमच्छी चालत नाही. पण संकष्टी आली की बाई वेगळी. दिवसभर फक्त चहा, तोही बिनसाखरेचा, आणि चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडात कण नाही. दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ झाली की बाकीच्या बायका ढगाला नमस्कार करून जेवतात. यांना ते मान्य नाही. सांगलीच्या पावसाळ्यात त्या कितीदा तरी तशाच झोपल्या आहेत आणि सकाळी सूर्य बघून पारणं केलंय. त्याला कारण आहे. माझा नवरा चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले. दवाखान्याच्या पायरीवर बसून यांनी गणपतीला शब्द दिला, पोर वाचव, मरेपर्यंत चंद्र बघितल्याशिवाय संकष्टीच्या रात्री जेवणार नाही. समोरच्या छपरावर चंद्र आला आणि आत ताप उतरला. आता यावर कोण काय बोलणार? मी एकदा बोलायला गेले होते, डायबिटीसचं कारण पुढे करून. त्या म्हणाल्या, "शब्द मोडला आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर तू मला तोंड दाखवशील का मी तुला?" नवरा चेष्टा करायचा, पण कुठेही असला तरी संकष्टीच्या संध्याकाळी त्याचा फोन यायचाच: "आई, चंद्र दिसला का?" हा दोघांचा ठरलेला प्रश्न. त्या 'दिसला' म्हणायच्या आणि मगच हा स्वतः जेवायचा. उपास त्याचाही होता, फक्त तो कबूल करत नसे.

त्या दिवशी आम्ही दोघी रेजिनाला गेलो होतो, माझ्या मैत्रिणीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. संकष्टी आहे हे आईंना माहीत होतं, पण त्या म्हणाल्या, "चहा काय, तिथेही मिळेल." तिथे बायकांनी वाटली डाळ आणि सामोसे हाणले, या शांतपणे कोरा चहा पीत बसल्या. निघताना मैत्रिणीने तिळगुळाच्या लाडवांचा डबा हातात दिला. दुपारचे तीन वाजले होते, आभाळ जरा पांढरट होतं. मी म्हटलं, अंधार पडायच्या आत घरी. माझं म्हणणं त्या आभाळाने ऐकलं असावं.

निम्मी वाट झाली आणि वारा सुटला. इथल्या सपाटीवर वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. शेतातला सगळा बर्फ उठून रस्त्यावर आला आणि पुढचं दिसायचं बंद झालं. हळूहळू चालवत होते, विंटर टायर्स होते, गणपती होता, सगळं होतं, तरी गाडी अलगद सरकली आणि कडेच्या खड्ड्यात जाऊन बसली. दोघींना काही लागलं नाही. आई म्हणाल्या, "पोचलो का?"

मोबाइलला रेंज नव्हती. पण वारा मध्येच जरा विरला की लांब एक दिवा दिसत होता, आणि तो हलायला लागला. शेतावरचे एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले होते. आमच्या गाडीचे दिवे त्यांनी खिडकीतून खाली जाताना पाहिले होते. गाडी उद्या काढू म्हणाले, आम्हाला ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये कोंबलं आणि घरी नेलं. दारात त्यांच्या बायकोने आमचे कोट ओढून घेतले, आम्हाला चुलीजवळ खुर्च्यांवर बसवलं आणि मग नाव-गाव विचारलं. आजोबांनी टोपी काढली तर टक्कल असं लखलखीत की दिव्याचं प्रतिबिंब पडावं. दोघंही ऐंशीच्या घरातली, मूळची युक्रेनी, म्हणजे यांचे आजोबा-पणजोबा तिकडून येऊन इथे जमीन कसायला लागले.

भिंतीवर जुना फोन होता. मी नवऱ्याच्या मोबाइलवर निरोप ठेवला: आम्ही ठीक, या नंबरवर फोन कर. तो खाणीत खाली होता, वर आल्याशिवाय त्याला काही कळणार नव्हतं. आई सगळं ऐकत होत्या. "अजून खालीच आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

संध्याकाळचे सहा वाजले आणि आजींनी टेबलावर मोठं ताट ठेवलं. पेरोगी. उकडलेल्या पारीत बटाट्याचं सारण, कडेला मुरड घातलेली, वरून लोणी आणि परतलेला कांदा. आई खुर्चीतून उठून वाकून बघायला लागल्या. "अगं, या तर उकडीच्या करंज्या! आणि मुरड बघ, माझ्यापेक्षा बारीक." मी ते इंग्रजीत सांगितलं तर आजी लाजल्या. आणि मग तो अवघड प्रसंग आलाच. आजींनी आईंपुढे थाळी सरकवली, आईंनी हात जोडले.

मी समजावून सांगितलं: उपास, चंद्र, नवस, मुलगा. मला वाटलं यांना हे भलतंच वाटेल. पण आजींनी आजोबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या लहानपणी नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी घास घ्यायचं नाही. आम्ही पोरं खिडकीला नाकं लावून बसायचो." आणि त्यांनी सरळ ताटावर झाकण ठेवलं. म्हणे, घरात एक जण आभाळाची वाट बघत असेल तर बाकीच्यांनी जेवायचं नसतं. मी म्हटलं, अहो, असं कसं, तुम्ही जेवा ना! आजोबा म्हणाले, "पाहुणीच्या आधी? माझी आई स्वर्गातून येऊन कान पिळेल माझे." झालं. मीही उपाशी, तेही उपाशी, आणि चुलीवरच्या कांद्याचा वास घरभर. माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, संमेलन भरवून बसले होते.

पावणेसातला आजोबा कोट घालून, टोपी चढवून चंद्र बघायला बाहेर गेले. दारातून बर्फाचा लोट आत आला. "नाही अजून," त्यांनी येऊन आईंना सांगितलं, अगदी जबाबदारीने. मी घरातून निघताना बघून ठेवलेली चंद्रोदयाची वेळ सांगितली, साडेआठच्या पुढे उगवेल, आणि उगवला तरी या वादळात दिसणार नाही. आजोबांना ते पटलं नाही. वारा कधीकधी मध्येच फाटतो, म्हणाले, तेवढ्यात निसटेल. थोड्या वेळाने पुन्हा गेले. "नाही अजून." आजींनी विचारलं, "तू सुई टोचून घेतली नाहीस ना रे?" ते म्हणाले, "जेवताना घेईन." त्यांनाही डायबिटीस होता, हे मला तेव्हा कळलं.

मी आईंच्या कानाशी लागले. "आई, चेहरा बघा तुमचा, कसा उतरलाय. गोळी घेतलीय तुम्ही सकाळी. गणपती काय इतका निर्दय आहे का?" त्या म्हणाल्या, "तो निर्दय नाही. पण शब्द मी दिलाय." माझा पारा चढला. मी मराठीतच पण चढ्या आवाजात म्हटलं, "शब्द, शब्द! तुमचा मुलगा आठवड्यातले निम्मे दिवस जमिनीखाली असतो, त्याला काय तुमचे उपास वर आणतात की लिफ्ट वर आणते?" त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या फोनकडे बघत राहिल्या. मला रडू यायला लागलं, रागाचं आणि भीतीचं. मला त्यांच्यासाठी भीती वाटत होती, त्यांना त्याच्यासाठी.

आणि तेव्हा आजोबा तिसऱ्यांदा बाहेर जाऊन आले.

"नाही," म्हणाले, आणि टोपी काढून टेबलावर ठेवायला गेले तर ती खाली पडली. उचलायला वाकले, पुन्हा पडली. आई त्यांच्याकडे बघत होत्या. मी बघितलं तर मला म्हातारपण दिसलं. आईंना वेगळं दिसलं. त्या ताडकन उठल्या. "अगं, बाहेर एवढी हाडं गोठवणारी थंडी, आणि यांना घाम फुटलाय! हात बघ कसे कापतायत. यांची साखर उतरलीय. विचार त्यांना, इंजेक्शन घेतलंय का!"

विचारलं. आजोबांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि लहान मुलासारखे म्हणाले, "सहा वाजता. पेरोगी येत होते म्हणून." सहा वाजता इन्सुलिन टोचून हा माणूस उपाशीपोटी आमच्या चंद्रासाठी बर्फात येरझाऱ्या घालत होता. आजी किंचाळल्याच. त्या रस आणायला फ्रिजकडे धावल्या, पण आजोबा हट्टाला पेटलेले. साखर उतरली की माणसाचं डोकं असंच आडमुठं होतं, हे आईंना ठाऊक होतं. ग्लास त्यांनी हाताने बाजूला केला, तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली: पाहुणीच्या आधी नाही.

आईंनी माझ्या पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला. झाकण उघडलं. एक लाडू हातात घेतला आणि क्षणभर थांबल्या. ओठ हलले, काय म्हणाल्या मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं त्यात कुणाचं नाव असणार. मग तो लाडू त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. आजोबांना दिसेल असा, तोंड उघडून, चावून दाखवला. आणि दुसरा लाडू त्यांच्या ओठांशी धरला.

"जेवले मी. आता घ्या. तिळगूळ घ्या, गोड बोला."

मी हे भाषांतर केलं नाही, गरजच पडली नाही. आजोबांनी तोंड उघडलं. एक लाडू, दुसरा लाडू, मग रस, मग तिसरा लाडू. आजी त्यांची मान धरून उभ्या होत्या. हळूहळू हात स्थिर झाले, चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर, "हे काय आहे? अजून आहे?" आम्ही बायका हसलो आणि रडलो, जे काय येईल ते एकदम.

झाकण निघालं, पेरोगी वाढले गेले. सगळे बसल्यावर आईंनी हात जोडले. मला वाटलं देवाला. पण त्यांचे डोळे मिटलेले नव्हते, वरही नव्हते. समोर बसलेल्या त्या दोघांकडे बघत त्या म्हणाल्या, "अन्नदाता सुखी भव." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. कदाचित त्या रोज म्हणत असतील, मनात, आणि वाढणारी मी, तव्यावरची पोळी उलटताना माझं लक्ष नसेल. मला त्या क्री मुलीची आठवण झाली. तिला सांगायला हवं होतं की वाढणाऱ्याची ओळ सापडली, पण पुस्तकात नव्हे, या टेबलाशी.

पण आई पुढे जेवेनात. एक पेरोगी हातात धरून बसून राहिल्या. लोणी मनगटावर ओघळत होतं, लक्ष सगळं भिंतीवरच्या फोनकडे. शिफ्ट संपून बराच वेळ झाला होता. मी म्हटलं, "रस्ते बंद असतील, म्हणून तिथेच थांबला असेल." त्या म्हणाल्या, "हो." आजी म्हणाल्या, खाणीची माणसं वादळात वर यायला वेळ लावतात. मी ते मराठीत सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "हो." आजोबांनीही खाणं थांबवलं. पुन्हा सगळे वाट बघायला लागले, पण या वेळी खिडकीकडे कुणी बघत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा आजींच्या आधी आईच उठल्या. इंग्रजी येत नसलेली बाई परक्या घरातला फोन उचलून "हॅलो" म्हणाली. पलीकडचा आवाज मला टेबलाशी बसून ऐकू येत होता, तो इतका ओरडत होता. वर आलोय, ठीक आहे, रस्ता बंद म्हणून कॅन्टीनमध्ये बसलोय, तुम्ही बऱ्या आहात ना, गाडीचं जाऊ दे. आई नुसत्या हुंकार देत होत्या. खुर्ची ओढून मी त्यांच्या मागे ठेवली, त्या मटकन बसल्या. आणि मग त्याने विचारलंच.

"आई, चंद्र दिसला का?"

आईंनी मान वळवून बघितलं. दिव्याखाली आजोबांचं टक्कल चमकत होतं, मिशीला लोणी लागलं होतं आणि ते कुणाचं लक्ष नाही असं बघून डब्यातला आणखी एक लाडू उचलत होते.

"दिसला की," त्या म्हणाल्या. "समोर बसून जेवतोय. तू पण जेव आता."